बार्सिलोनाहून आणायचं तरी काय?



मालेगावच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचा थोरला मुलगा पुण्याला नोकरी करतो. बार्सिलोनाला दरवर्षी मोबाईलच्या धंद्याचं जे मोठं जागतिक प्रदर्शन भरतं, त्याला कंपनी त्याला पाठवते आहे. त्या लिहितात, "लेक विचारतोय, अम्मी, तुझ्यासाठी काय आणू? मला काय ठाऊक तिथे काय मिळतं! फ्रिजला चिकटवायची चित्रं नकोत, चॉकलेटं इथेही मिळतात. त्या मुलखाचं खरंखुरं आणि आपल्या घरात चालेल असं काय असतं ते लिहा. धाकटी सून नवीनच आली आहे, सासूबाई ऐंशीच्या आहेत, आणि दोन नातू बार्सिलोनाच्या जर्सीसाठी जीव टाकतात."

पत्र वाचून मला हसू आलं आणि थोडी शरमही वाटली. माझी भाची तिकडे शिकत होती, त्या निमित्तानं मी बार्सिलोनाला दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला मी जे काही आणलं, त्यातलं निम्मं त्या मुलखाचं नव्हतंच आणि एक चीज तर आपल्या दस्तरखानावर यायलाच नको होती. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं का लिहिते आहे ते कळेल.

डिसेंबरचे दिवस होते. मुक्कामाजवळच्या एका दुकानात सुंदर पत्र्याचा डबा दिसला. आत कागदात एकेक गुंडाळलेल्या, पिठीसाखर भुरभुरलेल्या, तोंडात टाकताच विरघळतील अशा गोल बिस्किटवड्या. थेट आपली नानखटाई! दुकानातली मुलगी म्हणाली, "पारंपरिक आहे." मी दोन डबे घेतले. एक चिपळूणला खालाअम्मांना दिला. त्यांनी चहाबरोबर दोन खाल्ल्या, शेजारणीला एक दिली. संध्याकाळी त्यांच्या नातीनं मोबाईलचा कॅमेरा डब्यावर धरून मजकुराचं भाषांतर केलं. पीठ, साखर, बदाम, आणि डुकराची चरबी.

त्या वड्यांना पोल्व्होरोन म्हणतात. त्या कॅटलोनियाच्या नाहीतच, स्पेनच्या दक्षिणेकडच्या आन्दालुसियाच्या आहेत, आणि जुन्या पद्धतीत त्यांची खुसखुशीत चव चरबीतूनच येते. दुकानदारानं फसवलं नव्हतं, सगळं डब्यावर छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. खालाअम्मांना फोन करताना माझा आवाज फुटेना. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "न कळत झालं, अल्लाह माफ करणारा आहे. पण बाय, पुढच्या वेळी डबा रिकामा आण. नानखटाई आम्ही घरी भरू." शेजारीण मात्र पुढे कित्येक दिवस माझ्याशी तुटक बोलायची. तिचं चुकत नव्हतं.

तर, दुसऱ्या खेपेला मी वही घेऊन गेले.

पहिली गोष्ट ही की बार्सिलोना स्पेनमध्ये असलं तरी ते कॅटलोनियाची राजधानी आहे. कॅटलोनिया स्पेनचा ईशान्य कोपरा. त्यांची भाषा वेगळी, कॅटलान. रस्त्यांच्या पाट्या त्याच भाषेत. नाच वेगळा, पदार्थ वेगळे. पण ला राम्ब्ला या प्रसिद्ध रस्त्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानांत काय दिसतं? झालरीच्या लाल झग्यातली नाचणारी बाहुली, काळा बैल, टाळ वाजवायच्या लाकडी चिपळ्या. ही सगळी आन्दालुसियाची, म्हणजे हजारभर किलोमीटर दूरची ओळख. मेक्सिकोच्या रुंद टोप्यासुद्धा तिथे विकायला असतात! कोल्हापूरला येऊन कुणी राजस्थानी कठपुतळी घेऊन जावी तसं हे. बैलाचं तर त्यांना विशेष वावडं. कॅटलोनियाच्या संसदेनं 2010 मध्ये बैलांच्या झुंजीवर बंदी घातली. 2016 मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयानं ती रद्द केली, तरी तिथे झुंजी पुन्हा सुरू झाल्या नाहीत. बैलाच्या चित्राला उत्तर म्हणून कॅटलान लोकांनी गाडीवर गाढवाचं चित्र चिकटवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे गाढवाची एक उंच, काळसर, देखणी जात आहे, ती संपत आली होती. आपल्याकडे गाढवाचं चित्र कुणाला भेट द्यायची सोय नाही, हा भाग वेगळा.

गंमत म्हणजे त्या जुन्या वस्तीतली पुष्कळ दुकानं पाकिस्तानी, बांगलादेशी आणि आपल्या पंजाबी लोकांची आहेत. जवळच्या रावाल मोहल्ल्यात हलाल खाटकाची दुकानं आणि खानावळी हव्या तितक्या. एका दुकानात मी सरळ विचारलं, "भाईजान, ये यहाँ का बना हुआ है?" तो मोठ्यानं हसला. "बाजी, ये सब चीन का है. यहाँ का लेना है तो इस गली से बाहर निकलो." आपल्या दुकानातलं गिऱ्हाईक असं कोण बाहेर पाठवतो! त्याला मी अजून दुआ देते.

गल्लीतून बाहेर निघालं की पहिली खरी वस्तू म्हणजे पायातली. एस्पारदेन्या. वर जाड सुती कापड, खाली दोरीची वेणी गोल गोल वळवून केलेला तळ. शेतकरी, हमाल, कोळी यांचं हे पायताण. आज तिथल्या पोलिसांच्या समारंभाच्या गणवेशातही ते आहे, आणि मिशांचे आकडे वळवणारा चित्रकार साल्वादोर दाली ते घालून हिंडायचा. सगळे हात धरून गोल फेर धरतात त्या सार्दाना नाचात याचाच एक प्रकार असतो, पायाच्या घोट्यापर्यंत काळ्या फितींनी बांधायचा. बार्सिलोनाच्या आविन्यो गल्लीत 1940 च्या दशकापासून चालू असलेलं ला मानुआल आल्पारगातेरा हे दुकान यासाठी नावाजलेलं आहे. भिंतीवर छतापर्यंत जोड रचलेले असतात. त्या तळाची दोरी ज्या तागाची असते, तो ताग आपल्या बंगालच्या बाजूचं पीक. बांगलादेश आज असे तळ जगभर पुरवतो. तेव्हा "अस्सल" शब्दाचा फार ताण घेऊ नये. धागा कुठलाही असो, शिवण कुणाची ते बघावं.

आणि शिवण बघायची कशी? जोड आडवा धरा. कापड तळाला जिथे मिळतं तिथे जाड दोऱ्याचे मोठे टाके दिसले पाहिजेत, थोडे कमीजास्त अंतराचे. तिथे टाका नसून डिंकाची रेघ असेल, तर तो जोड यंत्राचा आणि दोन महिन्यांचा. घेताना पायाला घट्टच घ्यावा, कापड सैल होतं. माझ्या यांनी आरामशीर घेतला आणि महिन्याभरात तो पायातून निसटायला लागला. पावसाळ्यात मात्र हे पायताण कपाटात ठेवा. तळ भिजला की फुगतो आणि उसवतो. मालेगावला बरं चालेल, आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर नाही.

सूनबाईसाठी दुसरी वस्तू सुचवते, जाळीदार लेस. उशीवर टाचण्या टोचून, लाकडाच्या लहान लहान कांड्यांना गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून फिरवत ती विणतात. समुद्रकाठचं आरेन्स दे मार आणि तारागोनाच्या वाटेवरचं लार्बोस ही याची जुनी गावं, दोन्हीकडे या लेसची संग्रहालयं आहेत. म्हाताऱ्या बायका एकत्र बसून कांड्या फिरवतात तेव्हा पावसाच्या थेंबांसारखा टकटक आवाज येतो. हाताची लेस महाग असते, त्यामुळे तिच्या नावावर यंत्राची खपवली जाते. उलटी करून बघा, नक्षीत कुठेतरी हाताचा किंचित फरक दिसतो. मीटरभर एकसारखी, स्वस्त लेस म्हणजे यंत्र. रुंद टेबलक्लॉथ परवडत नाही. पण ओढणीच्या कडेला लावायला अरुंद पट्टी घ्यावी. मी हातभर घेतली होती, ती भाचीच्या निकाहाच्या ओढणीला लागली.

कापडाचा विषय निघाला म्हणून सांगते. अठराव्या शतकात बार्सिलोनात सुती कापडावर रंगीत फुलं छापायचे कारखाने निघाले, आणि त्या कापडाचं नाव होतं "इंदियानेस". म्हणजे हिंदुस्थानी! आपल्याकडचं छापील कापड युरोपात इतकं खपत होतं की त्याची नक्कल करता करता त्यांचा कापडधंदा उभा राहिला. बार्सिलोनाजवळ प्रेमिया दे मार इथे छपाईचं संग्रहालय आहे. त्या नक्षीच्या वह्या, रुमाल मिळतात. पण आपलंच कापड आपल्याला परत कशाला, असं सासूबाई म्हणतील.

सासूबाईंसाठी माझ्या मनात एकच वस्तू आहे, मातीची. तिच्याबद्दल सविस्तर लिहिते कारण मला ती सगळ्यांत आवडली.

तिला कांतिर म्हणतात. पोट मोठं, वर कडीसारखी मूठ, एका बाजूला पाणी भरायचं रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला पाणी प्यायची बारीक चोच. तोंड न लावता वरून धार धरून प्यायचं. आपल्या आजोबांच्या पिढीत तांब्यानं असंच पीत. फ्रिज येण्याआधी तिथल्या प्रत्येक शेतात, प्रत्येक ओसरीत कांतिर असे. पाणी गार कसं होतं ते आपल्याला शिकवायला नको. माती सच्छिद्र, पाणी झिरपतं, वाऱ्यानं वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. आपला माठ तेच करतो. म्हणूनच झिलई दिलेला, चकचकीत रंगवलेला कांतिर दिसायला छान पण पाणी गार करत नाही. पाण्यासाठी हवा असेल तर कोराच घ्या.

बार्सिलोनाहून उत्तरेला आर्जेन्तोना गावी कांतिरचं संग्रहालय आहे आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे कांतिरची जत्रा भरते. वर्दू गावचे आणि गिरोनाजवळच्या क्वार्त गावचे कुंभार काळी भांडी करतात. रंग लावून नव्हे. भाजण्याच्या शेवटी भट्टीची तोंडं लिंपून टाकतात, आत धूर कोंडतो, हवा मिळत नाही आणि लाल माती काळी होते. काळं भांडं घेताना नखानं हलकेच खरवडून पाहावं, रंग निघाला तर ते रंगवलेलं. दुकानदारासमोर नखानं खरवडताना मला संकोच वाटला होता, पण त्यानंच हसून तळ पुढे केला.

भांड्यांचं मोठं गाव म्हणजे ला बिस्बाल. गिरोनापासून जवळ, मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना कुंभारांची दुकानं, आणि जुन्या कारखान्यात मातीकामाचं संग्रहालय. लेकाला प्रदर्शनातून एक दिवस सुट्टी मिळाली तर गिरोनापर्यंत रेल्वे आहे, पुढे बस. सुट्टी नसेल तर बार्सिलोनातच बान्स नोउस या जुन्या गल्लीत कॅटलोनिया सरकारचं हस्तकलेचं केंद्र आहे, तिथे वस्तू बघायला मिळतात. हे सरकार कारागिरांना ओळखपत्र देतं आणि ज्याचा हात खरोखर मुरलेला आहे त्याला "मास्टर कारागीर" असा किताबही. दुकानात "कोणी केलं?" हा प्रश्न विचारावा. खऱ्या दुकानात कारागिराचं नाव आणि गाव सांगतात, कधी कधी म्हातारा स्वतःच आतून हात पुसत येतो.

या ला बिस्बालच्या लालसर-तपकिरी उथळ मातीच्या वाट्या मी सहा आणल्या. त्यांत क्रेमा कातालाना जमवतात. आपली फिरनी मातीच्या वाटीत जमते ना, तशीच तिची चुलत बहीण. अर्धा लिटर दुधात दालचिनीचा तुकडा आणि लिंबाची पातळ साल घालून उकळी आणायची, गाळायचं. चार अंड्यांचे पिवळे बलक, शंभर ग्रॅम साखर आणि वीस ग्रॅम कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात नीट फेटून त्यात सोडायचं, आणि मंद आचेवर हलवत राहायचं. उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर बलक फाटतो. घट्ट झालं की वाट्यांत ओतून थंड करायचं. वाढायच्या आधी वर चमचाभर साखर पसरायची आणि लाल तापलेला लोखंडी गोल तिच्यावर टेकवायचा. साखर जळून काचेसारखी होते, चमच्यानं टकटक करून फोडायची. तिकडे 19 मार्चच्या सणाला हे घरोघर होतं. तो लोखंडी गोल लाकडी मुठीसह तिथल्या भांड्यांच्या दुकानात मिळतो. पोलादी चमचा तापवूनही काम भागतं, पण चमचा कायमचा काळा होतो. घरची रेसिपी असल्यानं यात शंका घ्यायला जागा नाही. आमच्याकडे ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याला कंटाळलेली मुलं यावर तुटून पडतात.

भांड्यांतलंच आणखी एक नाव ऐकू येईल, पोर्रो. काचेचं, लांब निमुळत्या चोचीचं. दिसायला फार सुबक, पण ते दारू प्यायचं भांडं म्हणूनच तिथे ओळखलं जातं. त्यात रूहअफ्जा भरला तरी जो ओळखतो तो तेच ओळखणार. मी घेतलं नाही. त्याऐवजी तेलाची बरणी घ्या. राफेल मार्किना यांनी 1961 मध्ये काचेची अशी एक बरणी काढली की तेल ओतल्यावर ओघळ बाहेर न येता परत आतच जातो. तिच्या इतक्या नकला झाल्या की खरी शोधावी लागते. स्वयंपाकघरात तेलकट गोल डाग पुसून कंटाळलेल्या कुठल्याही बाईला ही भेट द्या, मग बघा.

आणि बरणी घेतली की तेल आलंच. जैतूनचं तेल कॅटलोनियाचं खरं वैभव. तिथली आर्बेकिना जातीची जैतुनं बोराहून लहान असतात, तेल सौम्य, बदामाच्या वासाचं, घशाला न झोंबणारं. सिउराना आणि लेस गार्रिगेस या दोन भागांचं तेल नामांकित आहे आणि त्याला उगमाचं संरक्षण आहे. डब्यावर लाल-पिवळा गोल शिक्का असतो, तो बघा. काचेची बाटली नको, पत्र्याचा डबा घ्या. प्रकाशानं तेल खराब होतं आणि सामानात काच फुटते. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त तेल विमानतळावर काढून घेतात. तेव्हा ते मोठ्या बॅगेत, दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून, कपड्यांच्या मधोमध.

खाण्याच्या बाकी वस्तूंत निर्धास्तपणे घ्यावा तो सुकामेवा. रेउसच्या हेझलनटला संरक्षित नाव आहे. सान्ता मारिया देल मार या जुन्या चर्चच्या मागे कासा गिस्पेर्त नावाचं 1851 चं दुकान आहे, तिथे बदाम आणि हेझलनट अजून लाकडाच्या भट्टीत भाजतात. गल्लीच्या तोंडाशी वास येतो. मिठाईत अग्रामुंतचा तुर्रो: मध, साखर, अंड्याचा पांढरा भाग आणि भाजलेले हेझलनट किंवा बदाम, कागदासारख्या पातळ दोन पापड्यांमध्ये दाबलेली गोल चकती. आपल्या चिक्कीपेक्षा पांढरी आणि कडक, म्हाताऱ्या दातांना झेपणार नाही. त्यावर निळा-पिवळा शिक्का असतो. नुसता "तुर्रो" म्हणून मिळणाऱ्या रंगीबेरंगी वड्यांत रम, लिकर सर्रास असतं.

आता डब्यावरचे शब्द. हे कात्रण कापून लेकाच्या पाकिटात ठेवा. स्पॅनिशमध्ये सी-ई-आर-डी-ओ आणि कॅटलानमध्ये पी-ओ-आर-सी म्हणजे डुक्कर. कॅटलान एल-एल-ए-आर-डी आणि एस-ए-आय-एम ही दोन्ही डुकराच्या चरबीची नावं. ज्या दुसऱ्या शब्दावरून मायोर्का बेटाच्या त्या प्रसिद्ध गोल गुंडाळलेल्या पावाला एन्साइमादा नाव पडलं, तो हाच. विमानतळावर लोक तिचे मोठे खोके दोरीनं बांधून नेताना दिसतील. सगळ्यांत मोठी गफलत लोण्याच्या शब्दात आहे. स्पॅनिशमध्ये "मान्तेकिया" म्हणजे लोणी, पण नुसता "मान्तेका" म्हणजे चरबी. आणि कॅटलानमध्ये "मान्तेगा" म्हणजे पुन्हा लोणी! एका अक्षराचा फरक. "मान्तेका दे काकाओ" मात्र कोकोचं तूप, ते चॉकलेटात असतंच, घाबरू नये. "व्ही-आय" आणि "व्ही-आय-एन-ओ" म्हणजे वाईन, "आर-ओ-एम" किंवा "आर-ओ-एन" म्हणजे रम. जिलेटिन दिसलं आणि कशाचं ते लिहिलेलं नसेल तर ठेवून द्या. "पारंपरिक" हा शब्द दिसला तर दुप्पट नीट वाचा. जुन्या पद्धतीतच चरबी जास्त. पनीर-तेलाच्या देखण्या दुकानांत छताला टांगलेले सुके सॉसेज, फुएत आणि यांगानिसा, हे तर डुकराचेच. त्यांनी आधीच भरून ठेवलेल्या "भेट टोपल्या" घेऊ नका, त्यात एखादं फुएत किंवा काव्हा नावाच्या फेसाळ दारूची बाटली हमखास असते.

लेक डिसेंबरात गेला असता तर आणखी एक सांगावं लागलं असतं. मुख्य चर्चसमोर 1786 पासून नाताळचा बाजार भरतो. हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्या जन्माचा देखावा मांडायच्या मूर्ती तिथे मिळतात, आणि त्यांत एक लाल टोपीवाला शेतकरी चक्क शौचाला बसलेला असतो. कगानेर म्हणतात त्याला. जमिनीला खत मिळतं, पीक चांगलं येतं, असा त्याचा शुभ अर्थ लावतात. त्यांचा सण, त्यांची थट्टा. त्यात आपण नाक मुरडायचं कारण नाही. पण माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पाठमोरा गोंडस शेतकरी समजून तो घेतला आणि सासऱ्यांच्या शोकेसमध्ये नेऊन ठेवला. तेव्हा मूर्ती पुढून-मागून बघावी.

नातवंडांच्या जर्सीचं काय? बार्सिलोना क्लब 1899 चा, त्यामुळे तिथल्या लोकांच्या लेखी ती पारंपरिकच. क्लबच्या दुकानात ती महाग आहे. फुटपाथवर चादर पसरून काही तरुण नकली जर्सी विकतात, पोलीस दिसला की चादरीचे चारही कोपरे ओढून पळतात. बरेचसे सेनेगलचे, नमाजी मुलं. काम करायचे कागद मिळत नाहीत म्हणून चादरीवर आलेली. त्यांना बघून जीव कळवळतो, तरी नकली माल तो नकलीच. पण यातल्याच फेरीवाल्यांनी संघटना करून 2017 मध्ये "टॉप मांता" नावाचा स्वतःचा कपड्यांचा ब्रँड काढला. मांता म्हणजे चादर! पुढे 2021 मध्ये त्यांनी स्वतःचे बूटही काढले, नाव "आंदे देम", म्हणजे त्यांच्या वोलोफ भाषेत "बरोबर चालणं". एका नातवाला खरी जर्सी आणि दुसऱ्याला टॉप मांताचा टीशर्ट घेतला तर भांडण होईल, दोघांना दोन्ही परवडत नसेल तर टीशर्टच घ्यावेत असं मला वाटतं. कोणी शिवला ते सांगता येतं.

वेळ थोडा असेल तर संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या आत आधी मातीची भांडी घ्यावीत, खाण्याचं शेवटी. मोठ्या खरेदीला पासपोर्ट दाखवून करपरतीचा कागद मागायचा. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला खरेदीतला कर परत मिळतो, स्पेनमध्ये त्यासाठी किमान रकमेची अटही आता नाही. विमानतळावर सामान आत देण्याआधी यंत्रावर तो कागद दाखवून घ्यावा लागतो, माल न वापरलेला हवा. परतीचं विमान दोहा किंवा दुबईहून बदलायचं असलं तरी हे काम बार्सिलोनालाच शिक्का मारून करावं, कारण युरोपातून बाहेर पडण्याची जागा ती.

कॅटलानमध्ये घागरीला "झेर्रा" म्हणतात, ताटाला "सफाता", साखरेला "सुक्रे", संत्र्याला "तारोंजा". अरबीतून गेलेले शब्द. तोर्तोसा 1148 पर्यंत आणि येइदा 1149 पर्यंत मुसलमानांच्या ताब्यात होती, त्या दिवसांची ही खूण. तारोंजा हा शब्द तर आधी फारसी, तिथून अरबी, असा फिरत गेलेला. हे मला भाचीनं कुंभाराच्या दुकानात सांगितलं. कुंभार आजी कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी घागरीवर बोट ठेवून "झेर्रा, झेर्रा" म्हटलं आणि मला भरायच्या तोंडापाशी चीर नसलेला कांतिर निवडून दिला. वाजवून कसा बघायचा तेही दाखवलं: टिचकी मारली की खणकन आवाज यावा, बद्द आला तर आत तडा आहे.

तो कांतिर मी खालाअम्मांना नेऊन दिला. तिकडची रीत अशी की नव्या कांतिरात पहिल्यांदा बडीशेपेची दारू घालून हिंदळतात, मातीचा वास जावा म्हणून. आपण रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला, मग बडीशेप उकळलेलं पाणी भरून दोन दिवस ओतलं. तिसऱ्या दिवसापासून पाणी गोड लागायला लागलं. खालाअम्मांनी आधी तळ उलटा करून पाहिला. म्हणाल्या, "यावर काही लिहिलेलं नाही ना?" मग ओसरीवर, वारा येतो त्या खांबाजवळ टांगला. मुलं धार धरायला शिकली, पहिले चार दिवस सगळ्यांचे कुर्ते भिजले. शेजारीण आता पाणी प्यायच्या निमित्तानं येते.